बायजा निमगोरी नव्हती

८ जून

आज रोशनीने माझ्या आईच्या अंगाला रंग लावायचं काम मला दिलं.

उद्या कुणी हे वाचलं तर दचकेल, म्हणून खुलासा लिहून ठेवतो. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. ही आई कॉम्प्युटरातली आहे. बोटभर उंचीची, चौकोनी ठिपक्या-ठिपक्यांची. माझी मुलगी रोशनी पुण्याची नोकरी सोडून नागपुरात नंदनवनला आमच्याकडे परत आली, आणि कळमेश्वरच्या ऋषिकेशला सोबत घेऊन ती एक व्हिडिओ गेम करून राहिली आहे. जुन्या धाटणीचा. आम्ही खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनच्या क्वार्टरात राहत होतो तेव्हा टीव्हीला जोडून खेळायचो, तसा. कॅसेट फुंकून लावायची, आणि ऐन रंगात आलं की वीज जायची. वीज बनवणाऱ्यांच्या घरची वीज. रोशनी रडायची आणि मी तिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचो. तेव्हापासून तिला कवितांचा कंटाळा आहे.

तर या गेमची नायिका बायजाबाई, माझी आई. छप्पन्न साली दसऱ्याला दीक्षेसाठी ती काटोलकडच्या आमच्या खेड्यातून पायी नागपूरला आली, पांढरं लुगडं नेसून. मी तेव्हा तिच्या पोटात होतो, म्हणजे तसा मीही आलोच. गेममध्ये तिने एवढंच करायचं, चालत नागपूर गाठायचं. वाटेत नदी आहे, कुत्री आहेत, आडवे येणारे लोक आहेत आणि रात्र आहे.

रेषा रोशनीच्या, प्रोग्राम ऋषिकेशचा. रंग आणि छटा माझ्या. मी पॉवर स्टेशनच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्मभर काळ्या शाईने पाईप काढले. रंग कुणी हातात दिलाच नाही. मायाचं म्हणणं असं की हे काम मला गुंतवून ठेवायला दिलं आहे. माझी बायको कौतुकसुद्धा टोमण्यातच गुंडाळून देते.

११ जून

या बाहुलीला स्प्राइट म्हणतात. मला ते बाटलीतलं पेय वाटलं होतं. ऋषिकेश हसला, मीही हसलो.

पहिला धडा चुकला. छटा द्यायची म्हणजे कडेने सगळीकडे काळं करायचं, असं मी समजलो. रोशनी म्हणाली, बाबा, ही आजी नाही, उशी झाली. तिचं म्हणणं, आधी उजेड कुठून येतो ते ठरवा. आईच्या हातात कंदील आहे, म्हणजे उजेड पुढून, खालून. मग हनुवटी उजळ, कपाळ अंधारात, पाठ पूर्ण सावलीत. आणि सावली म्हणजे त्याच रंगात काळं मिसळणं नव्हे, सावलीचा रंगच वेगळा असतो.

एका बाहुलीला सोळा रंग. सतरावा पाहिजे असेल तर आधीचा एक काढायचा. रोशनीला ही अडचण वाटते, मला तर यात वृत्त दिसलं. शाळेत आम्ही लघु-गुरू पाडायचो तसंच हे. उजळ ठिपका लघु, गडद ठिपका गुरू. एक ठिपका चुकला की चाल मोडते. मी हे समजावून सांगत होतो तेव्हा ऋषिकेशने कानात वायर घातली.

१५ जून

आज भांडलो आणि जिंकलो.

बायजा उजवीकडे चालते. डावीकडे वळवायची तर ऋषिकेश तेच चित्र आरशासारखं उलटं करतो. सगळेच तसं करतात म्हणे, मेहनत वाचते. मी पाहिलं तर आईचा पदर उजव्या खांद्यावर. आयुष्यात तिने कधी उजव्या खांद्यावर पदर घेतला नाही. ऋषिकेश म्हणाला, "काका, एवढ्याशा बाहुलीत कोणाले समजते?"

मी म्हणालो, "तिले समजते."

रोशनीने डावीकडची चाल नव्याने काढली. ऋषिकेश दुपारभर माझ्याशी बोलला नाही, पण मायाने केलेली पाटवडी त्याने दोनदा वाढून घेतली, म्हणजे राग फार नव्हता.

२ जुलै

रंगांना कॉम्प्युटरात आकडे असतात. मला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं दिली. आईच्या अंगाचे तीन रंग: उजेडातला गूळ, मधला कात, सावलीतला जांभळाची बी. लुगड्याला कापूस आणि नीळ. पांढऱ्याची सावली करडी केली की लुगडं मळकं दिसतं. निळी केली की धुतल्यासारखं. हे मला कुणी शिकवलं नाही. आई नीळ टाकायची त्या बादलीने शिकवलं.

ऋषिकेश म्हणाला, काका, लुगडं निळंच दिसून राहिलं. मी म्हटलं, बाबू, तू लाँड्रीच्या काळातला, तुला नीळ काय कळणार.

खोलीतली ट्यूबलाइट जुनी होऊन पिवळी पडली होती. बदलायला लावली. नवी पण पिवळीच निघाली. आजकाल मालच तसा येतो. दूधही साय कालवल्यासारखं दिसतं. मायाला विचारलं, तुझी पांढरी साडी अशी पिवळट काहून झाली, नीळ सोडली काय? तिने साडी दारातल्या उजेडात नेऊन पाहिली, मग घडी घालून ठेवली. उत्तर नसलं की ती असंच करते.

१९ जुलै

गेम विकणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीच्या कामिनी मॅडम आज व्हिडिओवर आल्या. गेम त्यांना आवडला. त्यांनी घेतला तर तो मोबाइलवर घरोघरी जाईल. नाही घेतला तर रोशनीच्या लॅपटॉपमध्ये पडून राहील. रोशनीने नोकरी यासाठीच सोडली, म्हणून सकाळपासून ती एकच सीन पुन्हापुन्हा लावून पाहत होती.

मॅडम गोड बोलतात. चाल छान, नदी छान, पदराचं तर फारच कौतुक. मग म्हणाल्या, कॅरेक्टर जरा उठून दिसत नाही, रात्रीच्या सीनमध्ये हरवते. "थोडी गव्हाळ करता येईल का? अगदी गोरी नको, बरं का. निमगोरी."

मी मागे खुर्चीत बसलो होतो. पुढे होऊन सांगितलं, "मॅडम, ती शेतात राबणारी बाई होती. निमगोरी कुठून आणू?"

त्या हसल्या आणि म्हणाल्या, आजोबा, हा फक्त कॉन्ट्रास्टचा प्रश्न आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत बघा, म्हणाल्या. रोशनीने नुसती मान डोलावली. थकली असेल.

२० जुलै

निमगोरी. हा शब्द मी पूर्वी कुठे वाचला ते आठवलं. रोशनीच्या लग्नाचं बघत होतो तेव्हा शेजारच्या यमुताईंनी तिची माहिती लिहून आणली. वर्ण निमगोरा. मी तो शब्द खोडला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, सावळा. यमुताई म्हणाल्या, गुरुजी, असं लिहिलं तर स्थळ येईल काय? मी गुरुजी नाही, पण कविता म्हणतो म्हणून त्या गुरुजी म्हणतात. मी म्हटलं, येणाऱ्याने डोळे उघडे ठेवून यावं.

आज रोशनीला ही गोष्ट अभिमानाने सांगितली. म्हटलं, तेव्हा झुकलो नाही, आता कशाला झुकायचं? ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "तुम्ही खोडलं, बाबा. पण चहाचा ट्रे घेऊन त्याईच्यासमोर मी जात होती."

चहाचा इथे काय संबंध ते कळलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, आजीले कोणी काही म्हणत नव्हतं का, रंगावरून? मी म्हणालो, म्हणायचे, पण ती ऐकून घेत नव्हती. रोशनी म्हणाली, घरी येऊन तिने तुम्हाले सगळंच सांगितलं असेल असं नाही.

मुलीला आजीची फार काळजी. बरं वाटलं. दुपारी बसून दोन ओळी केल्या:

काळी माती, काळी पाटी, काळे ढग पाणीवाले
काळ्यावरच तर, बाई, पहिले अक्षर उजळले

ऋषिकेश म्हणाला, काका, याची रिंगटोन करा.

४ ऑगस्ट

आज कळलं की माझ्या मागे दुसरी बायजा चालून राहिली आहे.

माया मोबाइलवर गेम बघत होती. मी सहज डोकावलो. पडद्यावर कुणीतरी परकी बाई. लुगडं पिवळट, तोंड गव्हाच्या पिठासारखं. मी विचारलं, ही कोण? माया म्हणाली, तुमच्या आई, अजून कोण?

महिन्याभरापासून मी दुपारी रंग लावत होतो आणि रोशनी नंतर तो बदलत होती. कंपनीला तोच दाखवला जात होता, आणि मॅडम बोलल्यापासून तर तो गव्हाळच झाला होता. माझ्या रंगांची फाइल वेगळी. तिचं नावही "बाबा". म्हणजे मला खेळायला दिलेली बाहुली.

मी आवाज चढवला. रोशनीनेही चढवला. म्हणाली, लुगडं निळं आहे बाबा, शाळेच्या ड्रेससारखं. आणि आजीचं तोंड जांभळं. सावळं नाही, जांभळं. तुम्हाले ते दिसतच नाही.

ऋषिकेश हळू आवाजात म्हणाला, "काका, राग नका मानू. डोळे दाखवून घ्या एकदा."

वा. आईचा रंग खटकला, की दोष माझ्या डोळ्यांचा. मी माउस टेबलावर ठेवला आणि उठलो. माझ्यापुरतं काम बंद.

१२ ऑगस्ट

काम बंदच आहे. कुणी मनवायला आलं नाही. ऋषिकेश येतो, जयभीम काका म्हणतो, कामाला बसतो. रोशनी पाणी आणून देते आणि जाते.

आज दुपारी मायाने पलंगावर दोन साड्या टाकल्या. म्हणाली, एका मयतीला जायचं आहे, पांढरी कोणती ते सांगा, माझा चष्मा सापडत नाही. मी उजवीकडची दिली. ती घेऊन ती दारात गेली, ऊन पडलं होतं तिथे, आणि मला बोलावलं. म्हणाली, आता पाहा. मी पाहिलं. पांढरीच होती. मग तिने रोशनीला हाक मारून विचारलं. रोशनी म्हणाली, आकाशी आहे. ऋषिकेश म्हणाला, आकाशी. मयत वगैरे काही नव्हती. चष्माही तिच्या डोक्यावर होता.

"तुमच्या डोयात पडदा आला आहे," माया म्हणाली. "मले आधीपासून माहीत होतं. दिव्याभोवती कडी दिसते म्हणता, ट्यूब बदलता, दूधवाल्याले भांडता. बोलली नाही, काहून की तुम्ही मले नीळ शिकवली असती."

साड्यांबद्दल मी कबूल झालो, पण आईबद्दल नाही. तसं सांगितलंही. रोशनीने अट घातली: डोळा करून घ्या. मग त्या डोळ्याने तुम्हीच पाहा आणि तुम्हीच ठरवा. तुम्ही ठरवाल तो रंग, मी हात लावणार नाही. तिला खात्री आहे की मीच आईला उजळ करीन. ऋषिकेशलाही आहे. पैज असती तर मायानेसुद्धा माझ्यावर लावली नसती.

मान्य केलं. भीती वाटते. ऑपरेशनची नाही. समजा त्यांचंच खरं निघालं तर.

२३ ऑगस्ट

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. भिंग बसवलं. थेंब घालायला माया. वाचायची-लिहायची मनाई, म्हणून एवढंच.

३० ऑगस्ट

पट्टी तर आधीच निघाली होती. आज डॉक्टरांनी लॅपटॉप बघायची परवानगी दिली.

जगात इतका निळा रंग होता हे मी विसरून गेलो होतो. आभाळ, शेजाऱ्याची टाकी, ऋषिकेशचा शर्ट. डावा डोळा झाकला की सगळं लखलखीत, उजवा झाकला की सगळं चहात बुडवल्यासारखं. दूधवाल्याची मनोमन माफी मागितली.

मग "बाबा" नावाची फाइल उघडली. रोशनी आणि ऋषिकेश मागे उभे. लुगडं खरंच निळं होतं, थेट शाळेच्या ड्रेससारखं. आणि आईचा चेहरा पिकलेल्या जांभळासारखा. मलाच हसू फुटलं. मग ते दोघे हसले. स्वयंपाकघरातून माया विचारत होती काय झालं म्हणून, आणि कुणाला सांगता येईना.

रोशनी म्हणाली, तर मग, बाबा? आवाज नरम होता. हरलेल्याशी बोलतात तसा.

मी रोशनीची बायजा उघडली. पीठ लावलेली. नव्या डोळ्याने ती आणखीच परकी दिसली. मी म्हणालो, "तुझा हात टेबलावर ठेव."

"काहून?"

"ठेव तं."

तिने ठेवला. खिडकीतला उजेड बोटांवर पडला होता. माझ्या मुलीचा हात मी किती वर्षांनी धड पाहिला. बोटांच्या पेरांवर तांब्याचा रंग, मधे काताहून गडद, आणि दोन बोटांच्या बेचक्यात मातीखालच्या मातीसारखा, ओला. मी एकेक रंग उचलला. आकडा खाली-वर करून पुन्हा हाताशी धरला. ती हात मागे घेऊ लागली तर मी म्हणालो, हलवू नको. त्यानंतर तिने हलवला नाही.

झाल्यावर तिने पाहिलं. म्हणाली, हा तर माझ्याहून काळा आहे.

"एक छटा जास्त," मी म्हणालो. "ती उन्हात राहायची, तू एसीत राहतेस."

ऋषिकेश म्हणाला, काका, ऑपरेशन करून उलटं झालं. मी म्हणालो, आता डोळ्याचं निमित्त उरलं नाही बाबू. आता जे आहे ते मी पाहून लावलं आहे.

रोशनी उठून मोरीवर गेली. बराच वेळ नळ चालू होता. पाण्याची अशी उधळपट्टी ती एरवी करत नाही.

३ सप्टेंबर

लुगडं पांढरं केलं. निळीची सावली फक्त निऱ्यांच्या आत ठेवली. तेवढी मी सोडणार नव्हतो आणि रोशनीने ती मागितलीही नाही.

पण एक अडचण खरी आहे आणि ती मॅडमची नाही. रात्रीच्या सीनमध्ये आई दिसत नाही. काळ्या वाटेवर काळे पाय, काळ्या झाडांपुढे काळा चेहरा. नुसतं लुगडं तरंगत जातं, भुतासारखं. ऋषिकेशने कडेला पांढरी रेघ मारून पाहिली. आई खडूने काढल्यासारखी दिसली. मीच पुसायला लावली.

९ सप्टेंबर

सापडलं.

सकाळी माया भिंतीवरच्या कॅलेंडरात दसरा कधी आहे ते पाहत होती. मी सहज म्हणालो, यंदा गर्दी जास्त राहील. ती म्हणाली, यंदा रात्री उशिरापर्यंत लोक येत राहतील, चांदणं चांगलं आहे. मी म्हटलं, दसऱ्याला चांदणं असतंच. आणि तिथेच थांबलो.

दसरा म्हणजे शुद्ध दशमी. त्याच्या आदल्या रात्री म्हणजे अष्टमी, नवमी. अर्ध्याहून मोठा चंद्र, संध्याकाळीच डोक्यावर. आई चालली ती वाट काळोखी नव्हतीच. आम्ही तिघांनी मिळून तिच्या वाटेवर अमावस्या काढून ठेवली होती. रात्र म्हणजे काळी, असं धरून चाललो, आणि तिच्यामागे जागा उरली नाही म्हणून तिलाच उजळ करायला निघालो.

रोशनीला झोपेतून उठवलं. ती आधी वैतागली. मग ऐकत गेली. मग ऋषिकेशला फोन लावून म्हणाली, "लवकर ये गा. आजीच्या मागचं आभाळ बदलायचं आहे."

संध्याकाळपर्यंत वाट राखेच्या रंगाची झाली, शेताच्या धुऱ्यावरचं गवत चांदीचं, आभाळ फिकट निळं. आणि त्याच्यापुढून आई निघाली. नाक, हनुवटी, कोपर, टाच, सगळं लख्ख. जितकी सावळी केली तितकी जास्त दिसते. ऋषिकेशने दोन्ही बायजा शेजारी ठेवून पाहिल्या. पिठाची आता चांदण्यात विरघळून जाते.

२६ सप्टेंबर

कामिनी मॅडम आल्या. रात्रीचा सीन पाहून खरोखर खूश झाल्या. म्हणाल्या, वॉव, आता छान उठून दिसते. मला वाटलं, झालं.

मग म्हणाल्या, आता कॉन्ट्रास्टचा प्रश्नच नाही, तर आपण स्किन टोन थोडा सॉफ्ट करू शकतो ना? बाहेरच्या लोकांना ती आपलीशी वाटली पाहिजे. आमच्या टीमला गव्हाळच हवी आहे.

म्हणजे अंधार कधी कारण नव्हताच. मी पुढे सरकलो होतो, पण रोशनीने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने उठून खोलीतला दिवा लावला. व्हिडिओवर ती नेहमी खिडकीकडे पाठ करून, तोंड अंधारात ठेवून बसते. आज पहिल्यांदा तिचं तोंड पूर्ण उजेडात आलं. मी कॅमेऱ्याच्या बाजूने पाहिलं.

ती म्हणाली, "मॅडम, हा रंग माझ्या हातावरून घेतला आहे. हाच राहील. घ्यायचं तर असंच घ्या."

मॅडम म्हणाल्या, विचार करून कळवते.

फोन बंद झाल्यावर ऋषिकेशने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, पदराच्या वेळीच समजायला पाहिजे होतं, हे खानदानच असं आहे.

१ ऑक्टोबर

कंपनीचा मेल आला. नम्र आहे. नाही म्हणाले.

रोशनीने दोनदा वाचला. रडेल असं वाटलं. तिने चहा मागितला. मग ऋषिकेश आणि ती बसले. जिथे कुणालाही आपला गेम ठेवता येतो अशी जागा आहे म्हणे इंटरनेटवर. किती लोक उघडतील सांगता येत नाही. नोकरीचं काय, हे मी विचारलं. ती म्हणाली, शोधीन ना बाबा, हात काही गेले नाहीत. पिठाची बायजा तिने कायमची पुसली. ऋषिकेश म्हणत होता एक कॉपी राहू दे. ती नाही म्हणाली.

२ ऑक्टोबर

आज दसरा. सकाळपासून रस्त्याने माणसं दीक्षाभूमीकडे चाललेली. पांढऱ्या कपड्यांचा नुसता पूर. आम्हीही दुपारी जाणार आहोत. निघण्याआधी गेम इंटरनेटवर सुरू करून दिला. ऋषिकेश घरचा दसरा सोडून आला होता.

पहिला डाव कुणी खेळायचा यावर चर्चा सुरू होती, तोवर मायाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. तिला बटण सापडायला वेळ लागला. मग बायजा हलली. माया चष्मा सावरून बघत राहिली. सासू-सुनेचं फार गोडीचं नव्हतं. एकाच छपराखाली बरीच वर्षं काढली, तेवढंच.

"सासूबाई इतक्या काळ्या होत्या काय हो?"

"होत्या," मी म्हणालो.

"हो, होत्या," ती म्हणाली. बायजा नदीपर्यंत पोचली. माया पुन्हा थांबली. "पण अशा कधी चालल्या नाही त्या. हे काय, दवाखान्यात चालल्यासारखं? मी लग्न होऊन आली तेव्हा बाजारात त्याईच्या मागं पळा लागे. वाढव वं रोशनी, चाल वाढव."

रोशनीने ऋषिकेशकडे पाहिलं. ऋषिकेशने एक आकडा बदलला.

"अजून," माया म्हणाली.

त्याने पुन्हा बदलला. कुत्री मागे राहिली. आडवे आलेले लोक वळेपर्यंत आई पुढे निघून गेली होती.